पेटीतलं आभाळ

खोली बघायला गेलो तेव्हा सरांनी आमचं आडनाव विचारलं नाही. त्याआधी आम्ही चार घरं बघितली होती. तिथं पहिल्यांदा आडनाव विचारायचे, मग गाव, मग "बघतो, कळवतो" म्हणायचे. कळवलं कुणीच नाही. सर मात्र दारात उभं राहूनच म्हणाले, "आभाळ निळं का दिसतं?"

आमचे हे फौंड्रीत कामाला. माणूस हुशार, कुठं गप्प बसायचे नाहीत. म्हणाले, "समुद्राचा रंग वर पडतोय, सर."

"कोल्हापुरात समुद्र कुठाय? रंकाळ्याचा रंग पडला असता तर आभाळ हिरवं दिसलं असतं." मग माझ्याकडं वळले. "तुम्ही सांगा."

मी पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिले. चौथीपर्यंत शिकलेली मी. परक्या माणसासमोर माझं नावसुद्धा मला आठवत नाही.

"माहीत नाही?"

मी मान हलवली.

"मग खोली तुमची. ह्यांना माहीत नसून माहीत आहे. तुम्हाला माहीत नाही ते नाहीच. घरात एक तरी खरं माणूस पाहिजे."

पुढं कित्येक दिवस हे घरात चिडवायचे, "हिच्या तोंड न उघडण्यावर खोली मिळाली आमाला."

सर म्हणजे शाळेतून रिटायर झालेले विज्ञानाचे मास्तर. गंगावेशीपासून हाकेच्या अंतरावर त्यांचं कौलारू घर. पुढं ते आणि काकू राहायचे, मागच्या एका खोलीत आम्ही, आणि मध्ये फरशीचं अंगण. मी पहिल्या दिवशी त्यांना मालक म्हटलं तर ते मागं वळून बघायला लागले, जणू मागं कोणी मालक उभा आहे. तेव्हापासून मी सरच म्हणायला लागले. ते मला ताई म्हणायचे. मी त्यांच्या मुलीच्या वयाची होते, तरी.

त्यांच्या तोंडात एक वाक्य कायम असायचं, "तपासून बघू." काकूंनी भात झाला म्हटलं की "तपासून बघू" म्हणून झाकण काढायचे, वाफ घालवायचे आणि काकूंचा ओरडा खायचे. कुणी म्हणालं अमक्याचा तांबडा रस्सा लई तिखट असतो, तर सर तिथं जाऊन तपासून यायचे आणि दोन दिवस पोट धरून बसायचे. पोस्टमनला आभाळाचा प्रश्न विचारून झाला होता. चप्पल शिवणाऱ्याला, गॅसवाल्याला, वीज मीटर बघायला येणाऱ्याला, सगळ्यांना विचारून झालं होतं. मीटरवाला तर पुढं पुढं लांबूनच ओरडायचा, "सर, माहीत न्हाय! मीटर बघू का?"

रस्त्यानं चालताना त्यांची नजर वर असायची. त्यामुळं गल्लीतल्या प्रत्येक गटारीची त्यांच्या पायाशी ओळख होती. वर बघून ते रोज एकच तक्रार करायचे, "पूर्वीसारखं आभाळ राहिलं नाही. मळकं झालंय. पिवळट." कधी फौंड्रीच्या धुराला दोष द्यायचे, कधी रिक्षांना. आमच्या ह्यांना तर एकदा त्यांनी अंगणात अडवून विचारलं, "तुमच्या भट्टीची चिमणी किती उंच आहे हो?" जसं काही ह्यांनी एकट्यानंच आभाळ मळवलं होतं. याबाबत त्यांनी वर्तमानपत्राला पत्रही पाठवलं होतं. ते छापून आलं नाही तेव्हा म्हणाले, "त्यांच्या कचेरीला खिडकी नसणार."

दर रविवारी दुपारी अंगणात गल्लीतली पोरं जमायची. सर भिंतीला फळा टेकवायचे. पहिल्याच रविवारी त्यांनी पोरांना तोच प्रश्न विचारला आणि पोरांची उत्तरं जशीच्या तशी फळ्यावर लिहिली. देवानं रंगवलंय. समुद्र. वर निळी काच आहे. माझी सुजाता तेव्हा दुसरीत. ती उठून म्हणाली, "सर, आभाळ जयभीम हाय म्हणून."

मी धुणं पिळत होते, माझे हात तसेच राहिले. इतक्या मुश्किलीनं मिळालेली खोली, आणि पोरीनं असं भर अंगणात. काकूही दारातून बघायला लागल्या. सरांनी मात्र बाकीच्या उत्तरांखाली तेवढ्याच मोठ्या अक्षरात तेही लिहिलं. मग मागं सरून म्हणाले, "तपासून बघू. सुजाता, मग संध्याकाळी ते तांबडं होतं, त्याचं काय?"

सुजाता म्हणाली, "संध्याकाळी दमतंय की ते, सर."

सगळ्यात मोठ्यानं सर हसले. मग पोरं हसली. मी ते धुणं परत एकदा पिळलं.

सांगायची त्यांची पद्धतही न्यारी. म्हणायचे, उन्हात सात रंग असतात. ते हवेतून खाली येतात. हवा म्हणजे जत्रेतली गर्दी. लाल रंग म्हणजे पैलवान, तो गर्दीतून सरळ चालत जातो. निळा म्हणजे तुमच्यासारखं बारकं पोर, ते प्रत्येकाला धडकतं, इकडं वळतं, तिकडं वळतं, सगळ्या जत्राभर होतं. म्हणून जिकडं बघावं तिकडं तेच दिसतं. एवढ्यावर थांबले असते तर सर कसले? पोरांना गर्दी करून उभं केलं, स्वतः लाल टॉवेल गुंडाळून पैलवानासारखे मधून चालत गेले, आणि सगळ्यात लहान पोराला निळा करून सोडलं. ते पोर इतकं मनापासून धडकत सुटलं की माझी पाण्यानं भरलेली घागर आडवी झाली आणि काकूंचे वाळत घातलेले सांडगे अंगणभर झाले.

"निळ्याचं काम मस्त झालं," सर म्हणाले.

"सांडग्याचं काय?" काकू ओरडल्या.

एका पोरानं विचारलं, "पण सर, गर्दी पैलवानाला का ढकलत न्हाई?"

सर बराच वेळ टॉवेलाचं टोक चाचपत राहिले. मग म्हणाले, "त्याचं खरं कारण मला पुस्तकातलं माहीत आहे. तुला कळेल असं सांगता येत नाही. ती माझी चूक, तुझी नव्हे." कोणत्याही मास्तरानं असं म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

पण त्यांचा खरा जीव होता तो काचेच्या पेटीत. माशांची जुनी पेटी होती ती. त्यांच्या एका पुस्तकात लिहिलं होतं, काचेच्या भांड्यात पाणी घ्यावे, त्यात थोडे दूध घालावे, खोलीत अंधार करून एका बाजूने बॅटरीचा उजेड सोडावा. बाजूने पाहिल्यास पाणी निळे दिसेल, समोरून पाहिल्यास तांबूस. म्हणजे दिवसाचं आभाळ आणि संध्याकाळचं आभाळ दोन्ही पेटीत. हा प्रयोग असला की सर आदल्या संध्याकाळी पितळी चरवी घेऊन गंगावेशीच्या कट्ट्यावर जायचे. तिथं म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून देतात. फेसाळ, दाट, पेल्याला चिकटून राहणारं दूध. गवळ्याला एकदा कळलं की हे दूध पाण्यात घालायला नेतात. तो बिचारा कळवळला. "सर, माझ्या दुधात पाणी? गल्लीत नाव जाईल की माझं!"

"दुधात पाणी नाही रे, पाण्यात दूध."

"ते म्हशीला सांगा," गवळी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दारंखिडक्यांना पोती लावायची, घोंगडी लावायची. पोरं आत, उकाडा आत, सर आत. मी चहाचं भांडं घेऊन दाराच्या फटीशी. सर मोठ्या चमच्यानं दूध घालायचे. एक, दोन, तीन. पुस्तकात "थोडे" लिहिलंय याची आठवण काकूंनी दिली तर म्हणायचे, "पुस्तक लिहिणारा पुण्याचा आहे. त्याचं थोडं वेगळं, आपलं थोडं वेगळं. पोरांसमोर हात आखडता घ्यायचा?" मग बॅटरी लावायचे. पेटी चुन्यासारखी पांढरीफटक. उजेड एका बाजूनं आत जायचा आणि तिथंच बसायचा. पोरं बाजूनं बघायची, समोरून बघायची, खालून बघायची.

"दिसलं निळं?"

"न्हाई, सर."

"बरं. खरं बोललात. पुढच्या वेळी."

असं वर्षातून तीन-चार वेळा. काकू म्हणायच्या, "त्या पेटीत लोणचं घातलं असतं तर सगळ्या गल्लीला वर्षभर पुरलं असतं."

हसायच्या, पण एकदा तांदूळ निवडताना त्यांनीच मला सांगितलं. "शाळेत असताना हाच खेळ केला होता गं ह्यांनी. सगळा वर्ग म्हणाला, दिसलं. छडी हातात असल्यावर दिसणारच की. एक मागच्या बाकावरचं पोर म्हणालं, मला न्हाय दिसत. ह्यांनी त्याला हातावर दिल्या दोन. संध्याकाळी एकटे वर्गात बसून बघितलं, तर ह्यांनासुद्धा दिसेना. दुसऱ्या दिवशी त्याला सांगायचं होतं, तर ते पोर आलंच नाही. ऊसतोड्याचं होतं, टोळी पुढं गेली. तेव्हापासून हे असं. छडी त्याच दिवशी बंबात घातली. एका तरी पोरानं खरंखरं दिसलं म्हणावं, एवढंच हाय बघ मनात."

मला त्या दिवशी तांदळातले खडे दिसेनात. कारण मला एक गोष्ट माहीत होती, आणि मी ती दीड वर्ष कुणाला सांगितली नव्हती.

आमच्या घरी दूध पाणी घालूनच वापरायचं. पाच माणसं, सासूबाई धरून, आणि दूध जेमतेम. त्यात मी पाणी घालायची, मग चहा सगळ्यांना पुरायचा. पाणी जास्त झालं की दूध निळसर दिसतं, हे कुठल्याही बाईला माहीत असतं. सासूबाई नुसत्या म्हणायच्या, "आज निळं पडलंय गं." म्हणून दुधाचं भांडं मी अंगणातल्या नळावर कधी विसळत नव्हते, आत मोरीत विसळायची. काकूंच्या चरवीला सायीचा थर, आणि माझ्या भांड्यात हे. कोण बघेल, काय म्हणेल.

एका सकाळी मांजरीसाठी म्हणून ते विसळण मी काचेच्या पेल्यात ओतलं. कौलातून एक कवडसा मोरीत येतो, तो नेमका पेल्यात शिरला. मागं काळी भिंत होती. पेला बाजूनं निळा दिसायला लागला. अगदी फिका, पण निळा. मी वाकून कवडशाच्या समोरून बघितलं तर तांबूस. पुस्तकातलं आभाळ माझ्या मोरीत उतरलं होतं. मांजर ओरडत होतं आणि मी पेला देत नव्हते.

त्याच क्षणी मला कळलं की सरांचं दूध फार चांगलं आहे म्हणून दिसत नाही. पण सांगायचं कसं? सांगायचं म्हणजे आमचं दूध सांगायचं. आणि चौथी झालेल्या बाईनं विज्ञानाच्या मास्तराला सांगायचं. दीड वर्षात सरांनी पाच वेळा पेटी मांडली. पाचही वेळा मी दाराच्या फटीशी होते आणि पाचही वेळा चहाचं भांडं घेऊन परत आले.

मग तो रविवार आला. त्या दिवशी काकूंनी पोरांसाठी चिरमुऱ्याचे लाडू केले होते आणि प्रयोग झाल्यावर देते म्हणून सांगितलं होतं. पेटी नेहमीसारखी पांढरी झाली. सरांनी विचारलं, "दिसलं?" पोरांची नजर डब्याकडं. एक जण म्हणाला, "दिसलं, सर." मग सगळीच सुरू झाली, "दिसलं, दिसलं! लई निळं!" माझी सुजातासुद्धा.

सरांनी बॅटरी विझवली. दारावरचं घोंगडं काढलं. रागावले नाहीत, ते रागावले असते तर बरं झालं असतं. लाडू सगळ्यांना आपल्या हातानं वाटले. मग पेटीतलं दूधपाणी गटारीत ओतलं, पेटी काकूंच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, "घाल लोणचं."

इतकी वर्षं लोणच्याचं टुमणं लावणाऱ्या काकू, पण त्यांनी पदरानं ती पेटी पुसली आणि आत नेऊन ठेवली. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

त्या आठवड्यात सर वर न बघता चालले. गटारीत एकदाही पडले नाहीत. मला ते बघवेना.

पुढच्या रविवारी दुपारी पोरं अंगणात नुसतीच खेळत होती. मी पेल्यात विसळण घेतलं, पदराखाली झाकलं आणि अंगण ओलांडलं. ते अंगण तेव्हा मला कळंब्याच्या तळ्याएवढं वाटलं. सर खुर्चीत होते. खिडकीतून ऊन येत होतं. मी पेला खिडकीत ठेवला आणि जायला निघाले.

"ताई, काय हे?"

"विसळण."

"कशाचं?"

"दुधाच्या भांड्याचं."

"बरं, मग?"

मी भिंतीकडं बघत म्हणाले, "ह्यात दिसतंय, सर. तुमचं दूध दाट हाय. आमच्यात पाणी असतंय."

सर उठले. पेल्याला नाक लावून बघितलं. बाजूनं बघितलं, समोरून बघितलं. "मला तर काही दिसत नाही," म्हणाले. मी पेला उचलायला हात पुढं केला. पण लगेच म्हणाले, "थांबा. तपासून बघू."

त्यांनी पेल्यामागं काळी पाटी उभी केली. पोरांना एकेक करून आत बोलावलं. निळं हा शब्द उच्चारायचा नाही अशी आम्हाला सक्त ताकीद. पोराला नुसतं विचारायचं, काय दिसतंय?

पहिलं पोर म्हणालं, "पाणी."

दुसरं म्हणालं, "घाण पाणी."

तिसरं ते जत्रेतलं निळं पोर. त्यानं डोकं वाकडं केलं आणि म्हणालं, "निळं निळं हाय, सर. लाडू हाय काय आज?"

"लाडू नाही."

"तरीबी निळंच हाय."

मग सुजाता आली. तिनं एकदाच बघितलं. "हे तर आमचं दूध! रोज असंच असतंय निळं."

काकू दारातून कडाडल्या, "अगं बया! एवढं पाणी घालतीस व्हय गं?"

धरणी पोटात घेईल तर बरं असं मला झालं. पण सर काकूंच्या वर ओरडले, "गप! पुण्याच्या पुस्तकवाल्याचं थोडं म्हणजे किती, ते ह्या घरात एकट्या ताईंना कळलंय. पेटी आण!"

पोती लागली, घोंगडी लागली. ह्या खेपेला चमचा माझ्या हातात होता. हात थरथरत होता, आणि बरंच झालं, त्यामुळं दूध थेंबाथेंबानंच पडलं. सरांनी बॅटरी लावली. पेटीतून एक फिकी निळी वाट गेली आणि पलीकडच्या टोकाला तांबूस झाली. कुणी विचारायच्या आधीच पोरं ओरडली, "दिसलं!" पैसे पडल्यासारखी खाली वाकून वाकून बघायला लागली. "हिकडं सकाळ हाय! हिकडं संध्याकाळ!" एका पोराला समोरून हलवून हलवून बाजूला काढावं लागलं.

सर वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. सर उभे राहून म्हणाले, "मला दिसत नाही."

माझ्या सुजातानं विचारलं, "खरंच, सर?"

"खरंच. तुम्हाला दिसलं ते खरं. मला दिसत नाही तेही खरं." आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू होतं की मला वाटलं त्यांनाच जास्त दिसलंय.

काकू म्हणाल्या, "डोळे दाखवा, डोळे दाखवा म्हणून माझं तोंड दुखलं. आता तरी तपासून बघा की!"

डोळ्यांत मोतीबिंदू होता, आणि तो चांगला पिकलेला. फौंड्रीच्या चिमण्या, रिक्षा, आमचे हे, सगळे एका दिवसात निर्दोष सुटले. ऑपरेशन झालं. हिरवी पट्टी काढल्यावर काळा चष्मा आला, तो काढायची परवानगी मिळाली त्या सकाळी सर अंगणात आले आणि वर बघत उभे राहिले. किती वेळ, ते मी मोजलं नाही. मग आत जाऊन त्यांनी वर्तमानपत्राला कार्ड लिहिलं. मला वाचून दाखवलं, "कोल्हापूरचे आभाळ मळले आहे असे मी कळवले होते. ते मागे घेतो. आभाळ जागेवर आहे. चूक माझ्या डोळ्यांची होती." तेही छापून आलं नाही.

कार्ड टपालपेटीत टाकून आल्यावर ते आमच्या दाराशी थांबले. आमच्या दाराशी ते सहसा यायचे नाहीत. म्हणाले, "ताई, तो पेला बघू."

मी विसळण केलं. मोरीतला कवडसा तोवर सरकला होता, म्हणून पेला बाहेर उन्हात, नळाच्या कट्ट्यावर ठेवला. मागं पाटी धरली. सर उकिडवे बसले. एका बाजूनं बघितलं. दुसऱ्या बाजूनं बघितलं. काकू त्यांच्या दारातून बघत होत्या. सरांचे डोळे भरून आले होते, पण ते ऑपरेशननंतर पुष्कळ दिवस तसे येतातच.

मग माझ्याकडं बघून म्हणाले, "ताई, पाणी फारच घालता हो तुम्ही."

मी हसले. तोंडाला पदर न लावता, अंगणभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. सासूबाई आतून म्हणाल्या, "काय झालं गं हिला?"

दुधाचं भांडं मी तेव्हापासून अंगणातल्या नळावरच विसळते.